दोन ‘सी’ आणि झेनोबिओ

बोलिव्हियाच्या डोंगरावर वसलेल्या आमच्या कोल्केपाम्पाच्या नगरपालिकेत पदवी नसलेला माणूस एकच होता, आणि ज्याला काम येतं असाही माणूस एकच होता. दोघे एकच, झेनोबिओ चोकेतार्की. मी तिथे सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळते आहे, तेव्हा याबाबतीत मला कोणी शिकवू नये. आलेलं प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून जातं. पत्रावर नावाआधी काय लिहिलंय ते बघून आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची की बाकावर बसवायचं, हे आमच्याकडे ठरतं.

विद्यापीठाची पदवी असली की माणूस लिसेन्सिआदो होतो. वकील झाला की डॉक्टर, मग जन्मात कुणाची नाडी बघितलेली नसली तरी चालतं. रस्ता आखणारा इंजिनिअर, रस्ता होवो न होवो. झेनोबिओकडे ओरुरोच्या एका तांत्रिक शाळेचा दोन वर्षांचा दाखला होता, आणि तेवढ्यावर नावाआधी लावायला काहीच मिळत नाही. त्यामुळे कॉम्प्युटर चालू असला की तो झेनोबिओ, आणि बंद पडला की इंजिनिअर. व्हरांड्यातून कुणी फार गोड आवाजात ‘अहो इंजिनिअर’ अशी हाक मारली, की मी समजायचे, कुणीतरी काहीतरी मोडून ठेवलंय.

माणूस बुटका, एका गालात कोकाच्या पानांचा गोळा, खिशात पेचकस आणि शाळेची चौकटीची वही. कुठलंही मशीन उघडलं की काय होतं, काय बदललं आणि का, ते त्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवायचा. ही वही आमच्या कचेरीतला एकमेव खरा दस्तऐवज होता असं माझं मत आहे.

अकरा वर्षं तो कंत्राटावर होता. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी कंत्राट संपायचं, फेब्रुवारीत नवं मिळायचं. मधल्या महिन्यात तो नुसत्या भिडेखातर कामावर यायचा. कायम झालेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला दवाखान्याचा विमा मिळतो, कंत्राटी माणसाला तो दर जानेवारीत तुटतो. त्याची बायको फ्रुक्तुओसा बाजाराच्या कोपऱ्यावर सकाळी गरम आपी, मक्याचं दाट पेय, विकायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आपी पेल्यात ओतताना ती आवाजावरून अंदाज घ्यायची, आणि कधी कधी अंदाज चुकून गिऱ्हाइकाच्या बोटांवर ओतायची. शस्त्रक्रियेची रांग वर्षभराची. तिचा नंबर जवळ यायला लागला की जानेवारी यायचा, विमा तुटायचा, आणि ती पुन्हा रांगेच्या शेपटाला. त्या वर्षी नगराध्यक्षांनी शब्द दिला होता की कार्निव्हल आटोपला की झेनोबिओला कायम करू. आमच्या नगराध्यक्षांचा शब्द काय किमतीचा ते मला माहीत होतं.

आता त्या मशीनविषयी. एका परदेशी संस्थेने आम्हाला एकच चांगला कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला, आणि तो भूमापन खात्याचा की सांस्कृतिक खात्याचा यावरून सहा महिने भांडण झालं. भूमापनाचे प्रमुख लिसेन्सिआदो ओविदिओ बार्रेनेचिया, आणि सांस्कृतिकच्या प्रमुख डॉक्टर नील्दा उरिओना. बाई वकील, म्हणून डॉक्टर. या एका गोष्टीने लिसेन्सिआदोंचं जेवण पचत नसे. सहा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात भूमापन पुढे आणि सांस्कृतिक मागे चालतं, पण व्यासपीठावर नावं पुकारताना डॉक्टर आधी आणि लिसेन्सिआदो नंतर. म्हणून लिसेन्सिआदो चार वर्षं एक प्रबंध लिहीत होते. तो झाला की तेही डॉक्टर. प्रबंधाचा विषय होता डोंगराळ भागातल्या हद्दीच्या दगडांचं कायदेशीर स्वरूप, आणि तो गळ्यातल्या पेनड्राइव्हमध्ये, क्रुसाशेजारी लटकलेला असायचा.

झेनोबिओने भांडण मिटवलं ते असं. त्याने मशीनच्या पोटात भिंती घातल्या आणि तीन खोल्या केल्या. पहिलीत भूमापनाचं स्वतंत्र विंडोज, दुसरीत सांस्कृतिकचं स्वतंत्र विंडोज, तिसरी खोली कोठार, जिथे रोज दुपारी साडेबाराला, सगळे जेवायला गेले की, भूमापनाच्या, आणि संध्याकाळी सांस्कृतिकच्या कामाच्या कागदांची प्रत आपोआप जाऊन पडायची. मशीन चालू केलं की ते विचारायचं, कोणाकडे जायचंय. सकाळी लिसेन्सिआदो आपल्या खोलीत शिरायचे, दुपारी बाई आपल्या. आणि यातली गंमत अशी की विंडोज ज्या खोलीतून उठतं त्या खोलीला ते ‘सी’ म्हणतं आणि शेजारच्या खोलीला ‘डी’. त्यामुळे लिसेन्सिआदो चार वर्षं समजत होते की आपण सी. बाईही चार वर्षं समजत होत्या की आपण सी. दोघेही खरे होते, दोघेही सुखी होते, आणि कोठार ‘ई’ होतं. त्याची काही तक्रार नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वीज गेली आणि परत आली. लिसेन्सिआदो तेव्हा दारात उभे राहून साल्तेन्या, म्हणजे रस्सा भरलेली मोठी करंजी, खात होते. मशीनने आपलं आपणच विचारलं, कोणाकडे जायचंय. दहा सेकंद वाट बघितली, उत्तर आलं नाही, तेव्हा ते बाईंच्या खोलीत गेलं. लिसेन्सिआदो हनुवटीवरचा रस्सा पुसत आत आले तर पडद्यावर कार्निव्हलमधल्या सैतानाच्या नाचाचा मुखवटा, आणि यादीत लिहिलेलं: सी, सांस्कृतिक. डी, भूमापन.

त्यांनी साल्तेन्या खाली ठेवला. मी सव्वीस वर्षांत त्यांना अर्धा साल्तेन्या सोडताना तेव्हाच बघितलं.

अकरा वाजता माझ्याकडे त्यांचं पत्र आलं, तीन पानी. कोल्केपाम्पाच्या जमिनीशिवाय कोल्केपाम्पाची संस्कृती उभी कुठे राहणार, असा प्रश्न विचारून त्यांनी झालेला अपमान दुरुस्त करण्याची मागणी केली होती. मी शिक्का मारला, वर पाठवलं. बातमी बाईंना पोहोचायला साल्तेन्यावालीच्या टोपलीपेक्षा कमी वेळ लागला. दुपारी बाईंचं पत्र आलं, चार पानी. त्यांनी स्वतः तपासून बघितलं होतं, आणि त्या सी होत्या. त्या सीच राहणार होत्या.

झेनोबिओला बोलावणं आलं. त्याने शांतपणे समजावलं. तो म्हणाला, “तुम्ही ‘माझं घर’ म्हणता ते तुमच्या घराला. बाई ‘माझं घर’ म्हणतात ते त्यांच्या. यात कुणी कुणाचं घर घेतलेलं नाही.” नगराध्यक्षांना पटलेलं दिसेना, तेव्हा तो पुढे म्हणाला की सुक्रेची माणसं म्हणतात राजधानी सुक्रे, ला पासची म्हणतात ला पास, आणि देश तरी चाललाय ना. हे मशीन बोलिव्हियन आहे एवढं समजा.

हे बोलायला नको होतं. नगराध्यक्षांची सासुरवाडी सुक्रेची.

दोन दिवसांनी आदेश क्रमांक चौदा निघाला. त्याची जावक नोंद मीच केली, म्हणून शब्द न् शब्द आठवतो. एक, भूमापन खातं कोणत्याही बाजूने पाहिलं असता सी राहील. दोन, सांस्कृतिक खातंही तसंच सी राहील. तीन, नगरपालिकेचं कोणतंही खातं डी असणार नाही. चार, कोणतंही अक्षर मधे रिकामं राहणार नाही, कारण रिकाम्या जागेवर कुणीतरी हक्क सांगतं. मुदत शुक्रवारपर्यंत, म्हणजे चाल्याच्या, कार्निव्हलआधी यंत्रांवर दारू शिंपडून ती पुजण्याच्या, दिवसापर्यंत. खाली नगराध्यक्षांची सही, लिसेन्सिआदोंची सही, आणि दोन गोल शिक्के. तोंडी निरोप असा होता की हे जमलं नाही तर कायम करण्याचं प्रकरणही जमणार नाही.

मला संताप आला. मी झेनोबिओला म्हटलं, हे होणारं काम नाही असं लेखी दे. तो गालातला गोळा इकडून तिकडे करत राहिला. चालत्या विंडोजचं स्वतःचं अक्षर बदलता येत नाही, बदललं तर ते सकाळी उठून स्वतःलाच सापडत नाही, हे त्याने मला सांगितलं. त्याच्या आत सगळीकडे सीचाच पत्ता लिहिलेला असतो. पण शेजाऱ्याला आपण काय म्हणायचं, हे मात्र आपल्या हातात असतं.

शुक्रवारी सकाळी त्याने तेच केलं. भूमापनाच्या खोलीतून सांस्कृतिकचं अक्षर काढून टाकलं, सांस्कृतिकच्या खोलीतून भूमापनाचं. ज्या खोलीला अक्षर नाही ती विंडोजमध्ये दिसतच नाही. आता दोघांनाही फक्त स्वतःची खोली दिसत होती, आणि ती सी होती. लिसेन्सिआदोंनी बघितलं, विचारलं, सांस्कृतिक खातं कुठे गेलं. झेनोबिओ म्हणाला, इथून ते आता दिसत नाही. लिसेन्सिआदोंना इतकी चांगली बातमी वर्षानुवर्षांत मिळाली नव्हती. बाईही बघून गेल्या आणि जाताना झेनोबिओला चक्क हसून गेल्या.

राहिलं चौथं कलम. डी रिकामं पडलं होतं, म्हणून त्याने कोठाराला ईवरून डीवर आणलं. कोठाराला मानापमान नसतो. मात्र रोज प्रत काढणाऱ्या हुकमात ‘ई’ लिहिलेलं होतं: माझ्या कागदांची हुबेहूब नक्कल ईवर ठेव, आणि शेजाऱ्याचा कप्पा सोडून ईवर दुसरं काही असेल तर ते पुसून टाक. हा हुकूम दोन्ही खोल्यांत बदलायला हवा होता. सांस्कृतिकच्या खोलीत त्याने बदलला. मग मशीन बंद करून भूमापनाच्या खोलीत जाणार, तेवढ्यात नगराध्यक्ष सगळा लवाजमा घेऊन दारात.

चाल्याला कुणी नाही म्हणत नाही. मशीनवर रंगीत कागदाच्या झिरमिळ्या चढल्या, चहूबाजूंनी सिंगानी दारूचे थेंब शिंपडले, पाकळ्या उडाल्या. धरतीमातेने या कॉम्प्युटरला भरपूर आयुष्य द्यावं असं नगराध्यक्ष म्हणाले आणि पेला झेनोबिओच्या हातात दिला, कारण मशीन त्याचं. एक पेला मशीनच्या नावाने, एक भूमापनाच्या, एक सांस्कृतिकच्या, बाईंनी दिलेला वेगळा. त्यानंतर बँड आला. सोमवार-मंगळवार कार्निव्हल, बुधवारी कपाळाला राख. चौकटीच्या वहीत ‘भूमापन बाकी’ एवढं लिहिलेलं होतं, पण वही त्याच्या कोटात, आणि कोट बँडवाल्यांपैकी कुणाच्या तरी अंगावर.

गुरुवारी सकाळी लिसेन्सिआदोंनी पेनड्राइव्ह लावला. प्रबंध पुढच्याच आठवड्यात द्यायचा होता. आधी पेनड्राइव्हला कुठलं तरी पुढचं अक्षर मिळायचं, आता ई रिकामं होतं, त्याला ई मिळालं. बारा वाजता लिसेन्सिआदो तो तसाच ठेवून जेवायला घरी गेले. साडेबाराला मशीनने, सांगून ठेवलं होतं तसंच, कोल्केपाम्पाच्या चौदाशे घरांच्या हद्दी ईवर नेऊन ठेवल्या आणि तिथे जे दुसरं काही होतं ते पुसून टाकलं.

अडीच वाजता जो आवाज आला तो आमच्या इमारतीत भूकंपातही आला नव्हता.

नगराध्यक्षांच्या खोलीत बैठक बसली. मी इतिवृत्त लिहायला होते. माझी खात्री होती की झेनोबिओ वाचणार, कारण आदेश क्रमांक चौदावर खुद्द लिसेन्सिआदोंची सही होती. चौथं कलम नसतं तर ई रिकामं झालंच नसतं. मी त्याच्यासमोर आदेशाची प्रत सरकवली. त्याने ती वाचली, परत सरकवली आणि म्हणाला, “चूक माझी. हुकूम दोन ठिकाणी बदलायचा होता, मी एका ठिकाणी बदलला.”

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली, पण उशीर झाला होता. आमच्या नगरपालिकेत आपली चूक कबूल करणारा माणूस माझ्या हयातीत झाला नव्हता. खोलीतले सगळे आपापले कागद चाळायला लागले. डॉक्टरबाईसुद्धा, ज्यांना आनंद लपवणं जड जात होतं, खाली बघायला लागल्या. शेवटी आदेश क्रमांक पंधरा निघाला, की या इमारतीत यापुढे ई हे अक्षर वापरायचं नाही. आणि झेनोबिओला सोमवारपर्यंत मुदत मिळाली. प्रबंध परत आला तर ठीक, नाहीतर कायमची जागा नाही आणि कंत्राटही नाही.

पुसलेलं सगळं पुसलं जात नाही, हे मला त्याच आठवड्यात कळलं. शनिवार-रविवार तो कचेरीत बसून होता. फ्रुक्तुओसा दुपारी डबा घेऊन यायची, भिंतीला हात लावत लावत. मी मुद्दाम कामाचं निमित्त काढून जात होते. दोनशे बारा पानांपैकी दोनशे पानं निघाली. बारा पानांवर चौदाशे घरांच्या हद्दी बसल्या होत्या, ती गेली. तेव्हा त्याने एक साधी गोष्ट केली. तुटलेल्या पानाच्या आधीचं वाक्य इंटरनेटवर शोधलं, निदान कुठल्या पुस्तकातून घेतलंय ते सापडेल म्हणून.

सापडलं. अख्खा प्रबंध सापडला, दोनशे बाराच्या दोनशे बारा पानांचा, नऊ वर्षांपूर्वीचा, सुक्रेतल्या कुणा भल्या माणसाचा. हद्दीचे तेच दगड, तीच स्वल्पविरामांची उधळपट्टी. बारा पानं त्यातून उचलून त्याने जागच्या जागी बसवली.

रविवारी संध्याकाळी तो माझ्या दारात आला. आत येईना. टोपी हातात घेऊन म्हणाला, “एदुविनाबाई, लिसेन्सिआदोंच्या बायकोचं नाव मिर्ता ना?”

मी म्हटलं, हो, का? मग मी सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. लिसेन्सिआदोंच्या प्रतीत आभाराच्या पानावर लिहिलं होतं, ‘माझ्या संशोधनापायी एवढी वर्षं एकटेपण सोसणारी माझी पत्नी इव्होन हिला’. ते पान तसंच दिलं आणि मिर्ताबाईंनी वाचलं तर त्यांच्या घरात उगाच तमाशा होईल, अशी त्याला काळजी पडली होती. मी त्याला आत ओढून बसवलं आणि म्हटलं, अरे बाबा, हा कागद तुझ्या हातात आलाय, याचं काय करायचं ते समजतंय का तुला? उद्या लिसेन्सिआदोंसमोर ठेव आणि जागा माग. तो म्हणाला, “मला प्रबंध परत आणायला सांगितलाय. परीक्षा घ्यायला नाही सांगितलं.” आणि उठून गेला. मी त्या रात्री जेवले नाही, एवढा राग आला मला त्याचा.

सोमवारी त्याने पेनड्राइव्ह लिसेन्सिआदोंपुढे ठेवला. माझं टेबल समोरच, मी सगळं ऐकलं. लिसेन्सिआदोंनी फाइल उघडली, पानं वरखाली केली, खुश झाले. मग पहिल्या पानांकडे आले आणि थांबले. ‘माझी पत्नी मिर्ता’ या तीन शब्दांकडे ते जितका वेळ बघत होते तितका वेळ त्यांनी लग्नात मिर्ताबाईंकडेही बघितलं नसेल. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“गेलेली बारा पानं कुठून आणलीस?” त्यांनी हळूच विचारलं.

“बाकीची जिथून आली तिथूनच, लिसेन्सिआदो.”

त्यात टोमणा नव्हता. झेनोबिओला टोमणा मारता येत नाही. विचारलं, म्हणून सांगितलं. पण लिसेन्सिआदो उठले, त्यांनी दार लावून घेतलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, मशीन व्यवस्थित चालू असताना, त्याला म्हणाले, “बसा ना, इंजिनिअर.”

तीन आठवड्यांनी झेनोबिओ चोकेतार्कीला कायम केल्याचा आदेश निघाला. शिफारस लिसेन्सिआदो बार्रेनेचियांची. मी शिक्का मारायला कागद ओढला आणि पद वाचलं: माळी. कॉम्प्युटरच्या जागेला पदवी लागते, आणि विनापदवीची जागा एकच मोकळी होती. आमच्या इमारतीला बाग नाही. एक अंगण आहे, सिमेंटचं, मधे झेंड्याची काठी. एवढ्या उंचीवर तिथे गवतही सांगून-सवरून उगवतं. आदेशाच्या तळाला ‘वेळोवेळी सांगितली जाणारी इतर कामं’ असं होतं, म्हणजे उरलेलं सगळं.

मी म्हटलं, सही करू नकोस. तो म्हणाला, विम्याच्या खिडकीवर पद विचारतात, पण माळ्याच्या बायकोचे डोळे वेगळे नसतात. सही केली. त्या खिडकीवरच्या पोरीने त्याच्या मऊ बोटांकडे बघून विचारलंच म्हणे, माळी का, आणि फ्रुक्तुओसाने त्याच्याआधी उत्तर दिलं, हो, माळी. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिचा उजवा डोळा झाला, ऑगस्टमध्ये डावा. आता ती आपी काठोकाठ ओतते आणि कुणी फुकट प्यायला बघितलं तर लांबूनच ओळखते.

लिसेन्सिआदो तर आदेश निघाला त्याच वर्षी जूनमध्ये डॉक्टर झाले. बँड लावून, लामाचं मटण घालून. तो पदवीचा कागद आवकमध्ये आला तेव्हा त्यावर मी जो शिक्का मारला तो झेनोबिओच्या आदेशावर मारला तोच. कचेरीत दुसरा शिक्काच नाही.

झेनोबिओ अजून मशीनपाशीच बसतो. पण आदेशात माळी लिहिलंय, आणि जे लिहिलंय ते काही प्रमाणात तरी खरं असावं असं त्याला वाटत राहिलं. एका शनिवारी त्याने पहारीने झेंड्याच्या काठीजवळचं सिमेंट हातभर फोडलं आणि कांतुताचं, आमच्या राष्ट्रफुलाचं, रोप लावलं. वर प्लास्टिक बांधलं, वहीत पाणी दिल्याच्या तारखा लिहिल्या. जगणार नाही असं मी सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याला लाल-पिवळी फुलं आली.

त्या सकाळी बार्रेनेचिया अंगणातून येत होते. थांबले, वाकून फूल बघितलं.

“छान फुललंय, माळी,” ते म्हणाले.

“आभारी आहे, डॉक्टर,” झेनोबिओ म्हणाला.

दोघांनीही एकमेकांकडे बघून अदबीने मान लववली. मी खिडकीतून हसले, आणि मग माझी मलाच लाज वाटली, कारण त्या कागदांवर शिक्का तर मीच मारला होता.